वेगाची बदनामी

आपल्या भाषेत वेगाला फारशी प्रतिष्ठा नाही. 'अति घाई संकटात नेई' ही पाटी आपण लहानपणापासून घाटाघाटांत वाचत आलो आहोत. 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' ही म्हण तर घरोघरी ऐकू येते. सावकाश चालतो तो विचारी आणि झपाट्याने काम उरकतो तो उथळ, असा एक हिशेब आपण नकळत मनाशी बांधून ठेवलेला असतो. रोजच्या व्यवहारात त्याने फारसे काही बिघडत नाही. परंतु हाच हिशेब आपण क्रीडांगणावर नेला की तेथे चांगल्या खेळाचे आकलन होत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे चांगल्या खेळाडूंवर अन्याय होतो. वेगाने खेळणाऱ्या संघांविषयी जे गैरसमज आपल्याकडे रूढ आहेत, त्यांची थोडी झाडाझडती घ्यावी म्हणून हा लेख लिहीत आहे.

मी आपल्याच महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी. नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे सुरत जिल्ह्यातील चलथाण या गावी राहतो. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे गाव. येथे सहकारी साखर कारखाना आहे. हंगाम सुरू झाला की खानदेशातून आणि डांगमधून ऊसतोडणी करणारी कुटुंबे या भागात येतात. सुरतेच्या कापड धंद्यामुळे मराठी माणसांची वस्तीही आसपास बरीच आहे. त्यामुळे संध्याकाळी मोकळ्या जागेत जो खेळ चालतो त्यात मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांतला आरडाओरडा असतो. खेळ बहुधा खो-खोचा. दोन खांब पुरले आणि चुन्याच्या चार रेघा मारल्या की झाले, चेंडूसुद्धा विकत आणावा लागत नाही. नोकरीवरून आल्यावर मीही तेथे शिट्टी घेऊन उभा राहतो. हा लेख मराठी विभागासाठी लिहीत असलो, तरी 'खो' हा शब्द कन्नड विभागातल्या मित्रांना भाषांतर करून सांगावा लागणार नाही, याचे मला समाधान आहे.

२०२२ साली 'अल्टिमेट खो-खो' ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. सहा संघ, मातीऐवजी मॅट, दिव्यांचा झगमगाट आणि दूरदर्शन संचावर थेट प्रक्षेपण असा तिचा थाट होता. पहिला मोसम पुण्याजवळ बालेवाडीला झाला, दुसरा कटकला. १३ जानेवारी २०२४ रोजी झालेल्या दुसऱ्या मोसमाच्या अंतिम सामन्यात गुजरात जायंट्सने चेन्नई क्विक गन्सचा ३१–२६ असा पराभव केला. संघाच्या नावात गुजरात असल्यामुळे आमच्या गावात आनंद झाला, हे सांगणे नलगे. परंतु त्या विजयाविषयी नंतर चहाच्या टपरीपासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत जी चर्चा मी ऐकली, तिचे सार असे होते : 'पळापळीचा खेळ. ज्यांच्या पायात दम जास्त ते जिंकले. त्यात डोके कसले लागते?'

या तीन वाक्यांत आपले बहुतेक गैरसमज आले. त्यांची गंमत अशी की ते केवळ खो-खोपुरते नाहीत. अमेरिकेतल्या एका वेगवान व्यावसायिक बास्केटबॉल संघावरही नेमके हेच आरोप झाले होते. त्या संघाविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे. कारण बास्केटबॉलमध्ये प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतात, आणि आरोप खरे की खोटे हे आकड्यांवर घासून पाहता येते.

पहिला गैरसमज असा की वेग पायांत असतो. खो-खोत हे किती चुकीचे आहे ते पाहण्यासाठी खेळाची रचना आठवावी. मूळच्या खेळात पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पाटीवर, एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा एक दिशा धरली की खांबापलीकडे गेल्याशिवाय मागे फिरता येत नाही. उलट पळणाऱ्याला कोठूनही कोठेही जाण्याची मोकळीक असते. आता सरळ हिशेब करा. ज्याला वळता येत नाही असा माणूस, ज्याला हवे तसे वळता येते अशा माणसाला नुसत्या पायांच्या जोरावर कसा गाठणार? तो धावण्यात राज्यात पहिला असला तरी पळणारा पाटी ओलांडून पलीकडे निघून जाईल आणि हा खांबापर्यंत धावत राहील.

येथे बसलेल्या गड्यांचा उपयोग होतो. पाठलाग करणारा पुढच्या गड्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणतो आणि त्या क्षणी पाठलाग पाटीच्या दुसऱ्या बाजूला सुरू झालेला असतो. कोणीही धावत पलीकडे गेलेले नसते. बास्केटबॉलमध्ये चेंडू माणसापेक्षा लवकर पोचतो, तसा खो-खोमध्ये 'खो' माणसापेक्षा लवकर पोचतो. एकेका गड्याच्या वाट्याला येणारे धावणे म्हणजे बहुधा पाच-सात पावले. म्हणजे खो-खोतला वेग हा एका माणसाचा नसून रांगेचा आहे. खो केव्हा द्यायचा, कोणाला द्यायचा, पळणारा कोणत्या पायावर भार टाकून वळतो आहे, पुढच्या गड्याचे तोंड कोणत्या बाजूला आहे, हे सगळे अर्ध्या सेकंदात ठरवावे लागते. ते ज्याला ठरवता येत नाही, त्याचे पाय कितीही चपळ असले तरी तो संघाचा वेग कमीच करतो.

साखर कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्याला ही गोष्ट पटकन समजते. तोडलेला ऊस जितका जास्त वेळ पडून राहील तितका त्यातला साखरेचा उतारा घटतो. म्हणून सारे काम वेगाने व्हावे लागते. परंतु सगळ्या मालमोटारी एकाच सकाळी भरधाव आल्या तर काय होते? काट्यापुढे रांग लागते आणि ऊस उन्हात वाळतो. कोणत्या शेतातली तोड कोणत्या दिवशी, कोणती गाडी कोणत्या पाळीत, हे आधी नीट ठरले असेल तर बैलगाडीने आलेला ऊससुद्धा वेळेवर गव्हाणीत पडतो. गाडीचा वेग आणि कारखान्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळाडूचा वेग आणि संघाचा वेगही तसेच वेगळे आहेत.

हा गैरसमज निरुपद्रवी असता तर मी त्यावर इतका वेळ घालवला नसता. मध्यंतरी एका निवड चाचणीला आमच्याकडचे काही मुलगे गेले होते. चाचणी कोणी घेतली हे सांगण्याचे कारण नाही, कारण बहुतेक ठिकाणी ती अशीच होते. सगळ्यांना १०० मीटर धावायला लावले आणि पहिले काही निवडले. ऊसतोडणीवाल्यांच्या वस्तीतला एक मुलगा धावण्यात बराच मागे राहिला, तो तेथेच बाद. हा मुलगा खो देण्याआधी खांदा असा काही फिरवतो की पळणारा हमखास हूल खातो. बसलेला असताना त्याची नजर पळणाऱ्याच्या चेहऱ्यावर नसते, कमरेवर असते. हे त्याला कोणी शिकवलेले नाही. पण हे पाहण्यासाठी त्याला दहा मिनिटे खेळताना पाहायला हवे होते, आणि तेवढा वेळ कोणाजवळ नव्हता. हंगाम संपल्यावर त्याचे कुटुंब गावी परतले. पुढच्या वर्षी तो येईल की नाही, खेळेल की नाही, कोण जाणे. चुकीच्या कल्पनेची किंमत कोणाला मोजावी लागते, ते यावरून दिसेल.

दुसरा गैरसमज पहिल्याच्या पोटातूनच येतो. तो म्हणजे वेगवान खेळात विचाराला जागा नसते. आता मी बास्केटबॉलच्या त्या संघाकडे वळतो. त्याचे नाव फिनिक्स सन्स. २००३–०४ च्या मोसमात ८२ पैकी २९ सामने जिंकणाऱ्या या संघाने पुढच्याच मोसमात ६२ सामने जिंकले. प्रशिक्षक होते माइक डँटोनी. अमेरिकेचा हा माणूस इटलीत बरीच वर्षे खेळलेला आणि तेथेच प्रशिक्षक म्हणून घडलेला. सूत्रधार खेळाडू होता कॅनडात वाढलेला स्टीव्ह नॅश. बास्केटबॉलमध्ये चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांच्या आत तो बास्केटकडे टाकावा लागतो. सन्सचे धोरण असे की शक्यतो पहिल्या सात सेकंदांतच संधी शोधायची. जॅक मॅककॅलम या पत्रकाराने या संघाबरोबर एक मोसम घालवून पुस्तक लिहिले, त्याच्या नावातही हे सात सेकंद आहेत. लोकांनी त्यावरून निष्कर्ष काढला की हा संघ म्हणजे घाईगर्दीने चेंडू भिरकावणाऱ्यांची टोळी.

वस्तुतः सात सेकंदांमागचा विचार अगदी साधा आहे. प्रतिस्पर्धी संघ आपल्या बास्केटपुढे व्यवस्थित उभा राहायला काही सेकंद घेतो. तोपर्यंत कोणी पाठमोरा असतो, कोणी चुकीच्या माणसासमोर असतो, उंच खेळाडू अजून धावत येत असतो. अव्यवस्थित भिंतीतून वाट काढणे सोपे, बांधून झालेल्या भिंतीतून कठीण. तेव्हा पहिल्या सात सेकंदांत बास्केटकडे जाणे हाच सर्वांत विचारी मार्ग ठरतो. परंतु त्यासाठी चारही साथीदारांना आपण कोठे धावायचे हे आधीपासून ठाऊक हवे. दोघे कोपऱ्यांकडे, एक बास्केटकडे, एक मागून. नॅश स्वतः काही त्या स्पर्धेतला सर्वांत वेगवान धावणारा नव्हता. तो चेंडू टप्प्यात ठेवून बास्केटखालून जाई, वाट नसली तर पुन्हा बाहेर येई, आणि तेवढ्या वेळात चौघांपैकी कोण मोकळा झाला ते पाही. २००४–०५ मध्ये दर सामन्यात सरासरी अकराहून अधिक वेळा त्याच्या पासवर साथीदाराने गुण केला. २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षे तो स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. भिरकावणाऱ्यांच्या टोळीच्या म्होरक्याला हा मान मिळत नसतो.

संथ खेळ तेवढा शहाणा, असे मानणाऱ्यांनी याच खेळाचा जुना इतिहासही पाहावा. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन आणि मिनिआपोलिस या संघांचा सामना १९–१८ असा संपला, कारण चेंडू हातात धरून उभे राहणे हेच शहाणपणाचे मानले गेले. प्रेक्षक कंटाळले. शेवटी १९५४ साली सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या पुढाकाराने २४ सेकंदांचा नियम आला. त्यांचा हिशेब असा होता की चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा चेंडू बास्केटकडे टाकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. भागाकार केला की २४ येतात. खेळाला गती दिली ती अशी, कागदावर शांतपणे गणित मांडून.

तिसरा गैरसमज सर्वांत चिवट आहे. वेगवान संघाला बचाव येत नाही, असे जाणती माणसेही म्हणतात. सन्सच्या बाबतीत तर पुरावाही दाखवला जाई. २००४–०५ मध्ये त्यांनी प्रत्येक सामन्यात सरासरी ११० गुण केले, पण प्रतिस्पर्ध्यांनाही १०३ दिले. तीस संघांत इतके गुण कोणीच दिले नव्हते. मग बचाव सर्वांत वाईट, हे सिद्ध झाले की नाही?

नाही झाले. क्रिकेटचे उदाहरण घेऊ. एका गोलंदाजाने दहा षटकांत ५० धावा दिल्या, दुसऱ्याने चार षटकांत २८. जास्त धावा कोणी दिल्या? पहिल्याने. वाईट गोलंदाजी कोणाची? दुसऱ्याची, कारण पहिल्याने षटकाला पाच दिल्या आणि दुसऱ्याने सात. एवढे आपल्याकडे शाळकरी मुलालाही कळते. बास्केटबॉलमध्ये षटकाच्या जागी 'चेंडूचा ताबा' धरावा. जो संघ झटपट खेळतो त्याच्या सामन्यात चेंडू जास्त वेळा या बाजूचा त्या बाजूला जातो, म्हणून दोन्ही बाजूंचे गुण फुगतात. दर ताब्यामागे किती गुण दिले असे मोजले तर हाच फिनिक्स संघ तीस संघांत साधारण मध्यावर येतो. उत्तम बचाव नव्हे, पण वाईटही नव्हे. आणि दर ताब्यामागे गुण करण्यात तो सर्वांत पहिला होता. उत्तम आक्रमण आणि मध्यम बचाव यांतून ६२ विजय आले. 'बचावच नाही' ही कथा मात्र भागाकार न करता रचलेली होती.

याच भागाकारातून आणखी एक गोष्ट निघते. त्या मोसमात सरासरी संघाला सामन्यात सुमारे ९१ वेळा ताबा मिळे, फिनिक्सला सुमारे ९६ वेळा. ज्याला लोक वेडेपणा म्हणत होते तो प्रत्यक्षात सामन्याला पाच ताब्यांचा फरक होता. २०२३–२४ च्या मोसमात त्या स्पर्धेतला सरासरी संघच ९८ च्या पुढे गेलेला होता. म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा तो 'बेफाम' संघ आताच्या स्पर्धेत उतरला असता तर संथ म्हणून त्याची हेटाळणी झाली असती. लांबून, तीन गुणांसाठी चेंडू टाकण्याच्या त्यांच्या सवयीचेही तेच. सामन्याला सुमारे २५ प्रयत्न हा तेव्हा अतिरेक वाटला. २०२३–२४ मध्ये सरासरी संघ ३५ प्रयत्न करीत होता.

आपल्या खो-खोत तर वेग आणि बचाव यांना वेगळे करताच येत नाही, कारण अर्धा डाव हा संरक्षणाचाच असतो. कटकच्या त्या अंतिम सामन्याचा गुणफलक पुन्हा पाहा : ३१–२६. या स्पर्धेत प्रत्येक संघाला सात-सात मिनिटांच्या दोन पाळ्या आक्रमणाला मिळतात. नुसत्या स्पर्शाने गडी बाद केला तरी एकाहून अधिक गुण मिळतात, आणि पहिल्या मोसमाच्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजला ४६–४५ असे हरवले होते. त्या मानाने ३१–२६ हा कमी गुणांचा सामना. पळणाऱ्यांना सहजी पकडता येत नव्हते असाच याचा अर्थ. 'पायात दम जास्त' असे म्हणून ज्या विजेत्यांची बोळवण झाली त्यांनी प्रतिस्पर्ध्याला २६ वर रोखले होते, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

दुसरे उदाहरण जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाचे. महाराष्ट्राची प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असे हरवले. पुरुषांनीही प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली नेपाळलाच ५४–३६ ने नमवले. महिलांच्या सामन्यात कर्नाटकची चैत्रा बी. शेवटच्या पाळीत जी पळाली, ते पळणे अभ्यासण्यासारखे आहे. तिची तुकडी पाच मिनिटांहून अधिक वेळ टिकली. पाच मिनिटे कोणी पूर्ण वेगाने धावू शकत नाही. ती ज्याच्या जोरावर टिकली त्यात थांबणे होते, दोन बसलेल्यांच्या मधे अंग चोरून उभे राहणे होते, पाठलाग करणारी वचनबद्ध झाल्यावरच निघणे होते. साखळी आणि गोल या पळतीच्या दोन पद्धती कधी बदलायच्या याचे भान होते. वेगवान खेळातला उत्तम खेळाडू बराच वेळ वेगात नसतो, ही गोष्ट मैदानाच्या कडेला बसून नीट पाहिल्याशिवाय पटणार नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. कोणी विचारील, 'वेगाचा एवढा महिमा, तर ते फिनिक्सवाले विजेते का झाले नाहीत?' प्रश्न रास्त आहे. २००५ साली त्यांना सॅन अँटोनियोने, २००६ साली डॅलसने उपान्त्य टप्प्यावर हरवले. २००७ मध्ये पुन्हा सॅन अँटोनियोकडून पराभव झाला. डँटोनी-नॅश जोडीचा हा संघ अंतिम फेरीत कधीच पोचला नाही. याला दुर्दैवाचा भाग आहे. २००५–०६ चा जवळजवळ सारा मोसम त्यांचा प्रमुख खेळाडू अमारे स्टाउडेमायर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता. पण सगळे दुर्दैवावर ढकलणे बरोबर नाही. डँटोनी सात-आठच खेळाडूंवर विसंबून राहत, राखीव फळीला क्वचितच वाव देत. ज्या खेळात सर्वांनी सतत हालचाल करायची त्यात ताजी माणसे जास्त लागतात, आणि मोसमाच्या अखेरीस ती त्यांच्यापाशी नव्हती. ही टीका योग्य आहे. परंतु ती वेगावरची टीका नाही, मनुष्यबळाच्या मांडणीवरची आहे. आणि ज्यांनी चषक जिंकला त्यांनीही पुढील वर्षांत याच संघाच्या कल्पना उचलल्या, हे वर दिलेल्या आकड्यांवरून दिसतेच.

शेवटचा गैरसमज आपल्याच जुन्या खो-खोपटूंचा आहे, म्हणून तो मी आदरपूर्वकच खोडणार आहे. त्यांचे म्हणणे असे की व्यावसायिक खो-खो हा खो-खोच नव्हे, तो तमाशा आहे. मैदान लहान केले, नवाच्या जागी सातच गडी घेतले, 'वजीर' नावाचा एक गडी आणला ज्याला कोणत्याही दिशेने धावता येते. मग शिस्त उरली कोठे? मला वाटते, खेळाचे नियम म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास नियम बांधले तेव्हाही गावोगावच्या जुन्या पद्धती बाजूला पडल्याच असतील. वजीर आल्याने पळणाऱ्याला पूर्वीपेक्षा जास्त विचार करावा लागतो, कारण 'हा आता वळू शकत नाही' ही खात्री गेली. आक्रमण करणाऱ्यांनाही वजीर केव्हा उठवायचा हा नवा प्रश्न सोडवावा लागतो. बुद्धीला काम वाढले आहे, कमी झालेले नाही.

मात्र जुन्या मंडळींची एक भीती खरी आहे आणि ती मी स्वतः रोज पाहतो. पडद्यावर आकाशीय सूर मारून बाद केलेला गडी दहा वेळा दाखवतात, सुरला गुणही जास्त मिळतात. त्या सुराआधी चार खो देऊन पळणाऱ्याला कोपऱ्यात आणले होते, हे दाखवत नाहीत. मग आमची मुले मुरमाड जमिनीवर सूर मारतात आणि गुडघे-कोपरे फोडून घेतात. मॅटवरचे कौशल्य मातीवर जसेच्या तसे आणता येत नाही. वेगाची बदनामी करणारे जसे त्याला समजून घेत नाहीत, तसेच वेगाचे भक्तही बरेचदा घेत नाहीत. दोघांनाही शेवटची झेप तेवढी दिसते.

तेव्हा आपल्या महाविद्यालयातील क्रीडाविभागाला आणि खेळाडू मित्रांना माझ्या तीन सूचना आहेत. एक, खो-खोची निवड १०० मीटरच्या शर्यतीवर करू नये. उमेदवारांना प्रत्यक्ष दोन डाव खेळू द्यावेत आणि कोणी किती खो योग्य वेळी दिले, पळताना कोण किती वेळ टिकले, हे वहीत टिपावे. एक विद्यार्थी आणि एक घड्याळ एवढे त्याला पुरे. दोन, आंतरवर्गीय सामन्यांचे नुसते निकाल फळ्यावर न लावता प्रत्येक पळणाऱ्याची मिनिटे-सेकंदेही लावावीत. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर विद्यार्थ्यांना भागाकाराचा याहून जिवंत धडा मिळणार नाही. तीन, राखीव खेळाडूंना दर सामन्यात उतरवावे. वेगवान संघ थकला की काय होते, ते फिनिक्सने दाखवून दिले आहे.

यात खर्च काहीच नाही. नव्या मॅटची, दिव्यांची, मोठ्या बक्षिसांची वाट पाहावी लागत नाही. येत्या जुलैमध्ये प्रवेश संपले की संघनिवडी सुरू होतील. त्या वेळी धावण्यात सातवा-आठवा आलेला एखादा मुलगा, किंवा लाजून मागे उभी राहिलेली एखादी मुलगी, डाव खेळल्याशिवाय घरी परत जाऊ नये. कानडी बोलणारी असो की मराठी, तिला पाटीवर बसवावे, खो द्यावा आणि ती उठून कोणत्या बाजूला जाते ते पाहावे.